ज्यांनी वेचलं त्यांची पऱ्हाटी

तो प्रश्न फॉर्मच्या चौथ्या पानावर होता. ‘या शेती-अवशेषाचा सध्या स्थानिक पातळीवर कोणी वापर करतं का? करत असल्यास कोण?’ मी लिहिलं, ‘नाही. शेतकरी बांधावर जाळून टाकतात.’ आणि पान उलटलं. त्या दुपारी सरकीचे तीन ट्रक उतरायचे होते, वजनकाट्यावरचा माणूस रजेवर होता. माझ्या डोक्यात ते ट्रक होते.

अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका तेल गिरणीत मी खरेदी आणि भांडार सांभाळते. आमचं तेल घेणाऱ्यांमध्ये बिस्किटं करणारी एक मोठी कंपनी आहे. तिनं ठरवलं की आपल्याला माल पुरवणाऱ्या प्रत्येकानं कोळसा बंद करायचा. असे ठराव वरच्या मजल्यांवर होतात. तिथून ते ई-मेल होऊन आमच्या गिरणीच्या मालकांकडे, शेठजींकडे येतात. शेठजी त्याची प्रत काढतात, माझ्या टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, “तेवढं बघून घ्या, मॅडम.” त्यानंतर कंपनीचं उद्दिष्ट, पृथ्वीचं भवितव्य, सगळं माझ्या टेबलावर असतं. त्याच्या शेजारी पोत्यांची मागणी आणि पंपाच्या सुट्या भागांची यादी.

बॉयलर पऱ्हाटीवर चालवायचा असं आम्ही ठरवलं. कापसाचा शेवटचा वेचा झाला की आमच्याकडे शेतच्या शेतं पऱ्हाटीनं, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांनी, उभी असतात. ट्रॅक्टरमागे लावलेली मशीन त्यातून फिरवायची, पऱ्हाटीची कुट्टी करायची, कुट्टी दाबून ठोकळे करायचे आणि कोळशाच्या जागी बॉयलरला द्यायचे. शेतकऱ्याचं शेत साफ, बांधावरचा धूर बंद, आमचा कोळसा बंद. कागदावर यात कोणाचंच काही जात नव्हतं. कंपनीची अट एवढीच, की आपण उचलतो ते खरोखर टाकाऊ असलं पाहिजे. कोणाच्या तरी उपयोगाची वस्तू आणून जाळली, तर ती हिशेबात धरणार नाहीत. चौथ्या पानावरचा प्रश्न त्यासाठी होता.

पहिलं गाव चांदूर बाजार तालुक्यातलं. तिथे सगळं सुरळीत झालं. शेतकरी रांगेनं सही करायला आले. एक जण तर म्हणाला, “मॅडम, तुमी एक दिवस उशिरा आल्या असत्या तं मी काडी लावलीच होती.” मी मनाशी म्हटलं, बघ, बरोबरच लिहिलं होतं. मशीन पुढच्या गावाला पाठवली. ते गाव नांदगाव खंडेश्वरच्या बाजूचं.

बुधवारी सकाळी साडेनऊला मशीनवाल्याचा फोन आला. हा माणूस अकोल्याच्या जुन्या शहरातला, सगळं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलेलं. सहसा फोन करत नाही.

“मॅडम, लफडा झाला. बाई चाबी घेऊन गेली.”

“कोणती बाई?”

“बायाच बाया हायेत इथं. चाळीस-पन्नास. एकीनं ट्रॅक्टरची चाबी काढली अन् पदराच्या गाठीत बांधली. आता मी काय पदराले हात लावू? या उमर में मार खाऊ?”

“पोलीसपाटलाला बोलवा.”

“थो तिचा पुतण्या हाय.”

मी जीप काढायला सांगितली. तपासणी शुक्रवारी होती. कंपनीची बाई येऊन कागद बघणार होती, बॉयलर बघणार होती आणि यंदाचं उद्दिष्ट पूर्ण झालं की नाही ते लिहून जाणार होती. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मी फोनवर वेगवेगळ्या लोकांना झापत होते. बडनेरा सोडून यवतमाळ रस्त्याला लागलो तेव्हा रेंज गेली आणि बाहेर बघण्याशिवाय काम उरलं नाही. रस्त्याकडेच्या घरांशेजारी पऱ्हाटीच्या गंज्या रचलेल्या होत्या, पावसाळ्यात झाकायला वर ताडपत्री, दगड. रोजच दिसतात. त्या दिवशी मी त्या मोजायला लागले आणि बाविसाव्या गंजीला मोजणं सोडून दिलं.

शेतात मशीन उभी होती. तिच्यासमोर बाया पऱ्हाटीच्या तासांमधून ओळीनं बसल्या होत्या. बऱ्याच जणींच्या मांडीवर पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा होता. चाबी घेणारी कोण ते विचारावं लागलं नाही. साठीच्या आसपासची, उंच, कपाळावर गोंदण. गावातल्या वेचणाऱ्या बाया गोळा करून शेतोशेती नेणारी हीच. तिनं मला पायांपासून वर बघितलं.

“तुमीच का मॅडम?”

“हो.”

“बसा मंग खाली. उभ्यानं बोलणं भांडणाचं असते.”

मी ढेकळांवर बसले. काय झालं ते तिनं थोडक्यात सांगितलं. पलीकडे गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचं, पाटलांचं, चौदा एकर होतं. या बाया दोन दिवस दुसरीकडे हरभरा काढायला गेल्या होत्या. तेवढ्यात आमच्या मशीननं ते चौदा एकर साफ केलं. आज सकाळी चिमटे घेऊन पोहोचल्या तर शेतात काडी नव्हती. मशीन तोवर या दुसऱ्या शेतात आली होती.

“त्या वावरात किती घरच्या वेचत होतो, सांग वो हिले,” ती शेजारणीला म्हणाली.

“अकरा.”

“दिवाईपासून शेवटच्या वेच्यापरेंत अकरा घरच्या बाया. अन् पराटी नेली कोनं? तुमी.”

मी पिशवीतून कागद काढला. “पाटलांनी लिहून दिलं आहे. ही सही. शेत त्यांचं, पऱ्हाटी त्यांची.”

“कापूस त्याचा. पराटी वेचणाऱ्याची. आजवर कोन नाई म्हनलं? थो उभा हाय बांधावर, इचारा त्याले.”

पाटील खरोखरच बांधावर उभे होते. त्यांनी स्वतःच्या चपलेकडे बघून उत्तर दिलं. “तसं थे खरं हाय. पन मले वाटलं, कंपनीनं बायाले इचारलं असंन.”

“मला वाटलं तुम्ही विचारलं असेल,” मी म्हणाले.

“अन् आमाले वाटलं, दोघायले अक्कल असंन,” मागून एक जण बोलली. सगळ्या हसल्या. पाटीलही हसले, मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांना हसण्यासारखं काहीच नव्हतं. पुढच्या हंगामात कापूस फुटल्यावर याच बाया त्यांना लागणार होत्या, आणि वेचायला माणूस मिळत नाही म्हणून आमच्याकडे पाटील लोक रात्र रात्र जागतात.

मी दुसऱ्या बाजूनं विचारून बघितलं. “घरी सिलेंडर असेल ना?”

“हाय ना. कोपऱ्यात बसवला हाय, देवासारखा. पाहुणे आले का पेटवतो.” ही मघाचीच, अक्कल काढणारी. तिशीतली, तोंडाळ. तिचंही घर त्या अकरांतलं होतं.

चाबी घेतलेल्या थोरलीनं तिला हातानं थांबवलं. “मॅडम, सैपाक पराटीवर. आंघोळीचं पानी पराटीवर. पावसाच्या आत दारात गंजी लागली नाई का साल कसं काढाचं? दुसऱ्या वावरातली पराटी दुसऱ्या बायायची. आमची थेच होती. अकरा घरच्या चुलीचं जयतन तुमच्या बॉयलरच्या पोटात चाललं.” मग एकदम म्हणाली, “तुमी कोठच्या?”

“अकोल्याची.”

“माहेर?”

“चांदूर बाजार.”

“मंग तुले ठाऊक होतं,” ती म्हणाली. अहो-जाहो तिथेच संपलं.

मला ठाऊक होतं. आमच्या घरी पऱ्हाटी वेचणाऱ्या बायांकडूनच यायची. आई त्यांना ज्वारी द्यायची, त्या दारात भारे टाकायच्या. शेताच्या मालकाला कोणी कधी विचारलं नाही. फॉर्म भरताना यातलं काही माझ्या मनात आलं नाही. त्यावर छापलं होतं ‘शेती-अवशेष’, आणि शेती-अवशेषाशी माझा लहानपणापासूनचा काही संबंध नव्हता.

पण त्या क्षणी मी हे कबूल केलं नाही. मी व्यवहारावर आले. त्या चौदा एकरांतल्या कुट्टीच्या चार ट्रॉल्या अजून गावाबाहेर पडून होत्या. म्हटलं, “तुमची पऱ्हाटी तुम्हाला परत. ट्रॉल्या आत्ता वळवते. घरोघर टाकून देतील.”

थोरली उठली. “चाल,” म्हणाली. मी मागे, आमच्या मागे पंधरा-वीस बाया. गावाबाहेरच्या ट्रॉलीतून तिनं पाटीभर कुट्टी घेतली, घरी आणली, चुलीत भरली आणि काडेपेटी माझ्या हातात दिली.

“पेटव.”

मी पेटवली. कडेच्या चार ढलप्या जळल्या, मग मधली कुट्टी दबली आणि धूर सुटला. मी फुंकणी घेतली. जितकं फुंकलं तितका भुसा उडाला आणि धूर वाढला. डोळ्यांतून पाणी. चूल काळी थंड. दारात बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या, काही धुरामुळे, काही हसू लपवायला.

“बॉयलरला खालून हवा मारायला पंखा असतो,” मी खोकत म्हणाले. हे स्पष्टीकरण कोणाला हवं होतं कोण जाणे.

“मंग धाडा ना पंखे. घरोघरी एक,” तोंडाळ म्हणाली.

चुलीला अख्खी काडी लागते. ती ओढून आच कमी करता येते, सारून वाढवता येते. आम्ही चौदा एकर काड्यांचा भुसा केला होता आणि तो परत काडी होणार नव्हता. म्हणजे अकरा घरांना नवी पऱ्हाटी आणून देण्याशिवाय मार्ग नव्हता, आणि दिवस सरत होते. शेतकरी शेतं नांगरायला लागले की काडी कुठेच मिळाली नसती.

शेजारच्या गावात आमच्या सह्या झालेल्या होत्या, मशीन अजून गेली नव्हती. मी म्हटलं, तिथली उपटून आणते. थोरलीनं कानाला हात लावला.

“थ्या गावच्या बायायचं आमी खाऊ? उद्या बाजारात तोंड दाखवाचं हाय मले.”

“मग कुठली आणू? कोणी वेचलीच नाही अशी पऱ्हाटी असते का कुठे?”

मी हे चिडून बोलले होते, पण बोलता बोलता थांबले. चांदूर बाजारकडच्या त्या पहिल्या गावात कापूस वेचायला बाहेरच्या टोळ्या आल्या होत्या. गाड्यांतून आल्या, शेताच्या कडेला राहिल्या, वेचणी संपताच निघून गेल्या. पऱ्हाटी न्यायला त्या थांबणार नव्हत्या. म्हणून तिथे शेतकरी काडी लावत होते. माझं उत्तर त्या गावापुरतं खरं होतं, आणि ते का खरं होतं हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

मी तिथल्या त्या काडी लावणाऱ्या शेतकऱ्याला फोन लावला. त्याचं सहा एकर मशीनशिवाय राहिलं होतं.

“न्या ना मॅडम. उपटायले मानसंही पाहून देतो. पन शनिवारपर्यंत. रविवारी मी काही ठेवत नाई, पेटवून मोकळा होतो. नांगरवाला सोमवारचा सांगितला हाय.”

मी थोरलीला सांगितलं, शनिवारी सकाळी तुमच्या दारात अख्खी पऱ्हाटी येईल. माझा शब्द.

“अन् नाई आली तं?”

“येईल.”

“चाबी मंग शनिवारीच,” तिनं गाठ चाचपली.

परत जाताना रेंज आली आणि शेठजींचा फोन आला. त्यांना सगळं आधीच कळलं होतं.

“मॅडम, बायांना एकेक साडी देऊन विषय संपवा.”

“शेठजी, साडी चुलीत घालायची का?”

“हे बघा, शुक्रवारी त्या बाईंना चांदूर बाजारचं गाव दाखवायचं. तिथे सगळं व्यवस्थित आहे. नांदगावचं नाव काढायचं नाही. त्या विचारतील तेवढंच बोलायचं.”

मी “बघते” म्हटलं. गुरुवारी सहा एकरांवर माणसं लावली, दिवसभर फोनवर उभी राहिले. बॉयलरजवळ ठोकळ्यांचा साठा चार दिवसांचा होता. नवीन कुट्टी यायची बंद झाली होती, कारण मशीनची चाबी एका पदरात होती. कोळशाचा जुना ढीग झाकून ठेवला होता, त्याच्यावरची ताडपत्री मी दोनदा जाऊन बघून आले. काय बघत होते मलाच माहीत नाही.

शुक्रवारी कंपनीची बाई आली. वय तिशीच्या आत, पायात जाड बूट, पाण्याची बाटली स्वतःची. तिनं बॉयलर बघितला, राख हातात घेऊन बघितली, नोंदवह्या बघितल्या. घाई नाही, हसणं नाही. मग शेठजींच्या खोलीत बसून फॉर्म उघडला आणि एकेक पान उलटत चौथ्यावर आली.

“इथे ‘नाही’ लिहिलंय. हे कोणाला विचारून लिहिलं?”

शेठजी पटकन म्हणाले, “मॅडम स्वतः तिकडच्याच आहेत. लहानपणापासून बघतात.”

तिनं माझ्याकडे बघितलं. शेठजीही माझ्याकडे बघत होते. मला नुसती मान हलवायची होती. मी लहानपणापासून बघते, हे तर खरंच होतं. मान हलवली की आम्ही जीपमध्ये बसून चांदूर बाजारला गेलो असतो, तिला सहा एकर दिसलं असतं, रविवारी जळणार होतं तेही दिसलं असतं, आणि संध्याकाळी तिनं ‘उद्दिष्ट पूर्ण’ लिहिलं असतं. मग त्याच रात्री शेठजींनी मशीनसाठी दुसरी चाबी करून घेतली असती. ते मला न सांगताही कळत होतं. दुसरी चाबी करायला एक तास लागतो.

“कोणालाच विचारलं नाही,” मी म्हणाले. “आणि एका गावात ते चुकीचं निघालं.”

मी पाच वाक्यांत सांगितलं. तिनं मधे एकदाच विचारलं, “आता तिथे काम चालू आहे?”

“नाही. मशीन उभी आहे. चाबी बायांकडे आहे.”

“आणि त्या अकरा घरांचं?”

“उद्या सकाळी पऱ्हाटी पोहोचवतेय.”

तिनं पेनाचं टोपण लावलं. “त्या गावचा माल मी धरू शकत नाही. आणि जिथे विचारलंच नाही अशी बाकीची गावंही, विचारून झाल्याशिवाय धरू शकत नाही. यंदाचं उद्दिष्ट पूर्ण झालं असं मला लिहिता येणार नाही.”

“एका उत्तरासाठी?” शेठजी म्हणाले.

“प्रश्न त्यासाठीच आहे,” ती म्हणाली. तिनं चहाही पूर्ण घेतला नाही.

ती गेल्यावर शेठजींनी खिडकीतून बॉयलरच्या चिमणीकडे बघितलं. मग म्हणाले, “मी तुम्हाला खोटं बोला म्हटलं नव्हतं.”

“नाही. गप्प बसा म्हणाला होतात.”

“उद्या गाडी सरकी आणायला जाईल. पऱ्हाटी वाहायला आपली गाडी जाणार नाही.”

“गाड्या कुठे जातात ते मी ठरवते,” मी म्हणाले. “नाहीतर हे काम दुसऱ्याला द्या. आत्ताच लिहून द्या, म्हणजे उद्या मी येत नाही.”

त्यांनी लिहून दिलं नाही. पण पुढच्या सोमवारपासून महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, निरोप वजनकाट्यावरच्या माणसाकरवी यायचे. त्या वर्षी आम्ही अर्धा हंगाम कोळशावर काढला. आजही कोळसा पूर्ण बंद झालेला नाही. मी आमच्या कागदांत वरच एक ओळ घातली आहे, ‘या शेतातला कापूस कोणी वेचला?’ उत्तर ‘गावातल्या बायांनी’ असेल तर आधी त्यांच्याकडे जायचं, त्या नेतील ते नेऊ द्यायचं, उरलं तर मशीन. त्या एका ओळीनं आमच्या यादीतली निम्मी गावं गळाली. बिस्किटांच्या कंपनीनं पुढच्या पत्रात त्या ओळीचं कौतुक केलं आणि मुदत मात्र वाढवली नाही.

त्या शनिवारी पहाटे मी स्वतः चांदूर बाजारकडे गेले. पऱ्हाटी उपटून पडली होती, पण माणसांनी घाईत बरीच मधूनच मोडली होती. ट्रक दोन्ही बाजूंनी बाहेर येईल इतका भरला. दोरांनी आवळला. वर चढून बघितलं, डोंगर दिसत होता. मी आयुष्यभर माल वजनावर बघितलेला. वजन पुरेसं होतं. म्हटलं, अकरा घरं आरामात.

साडेदहाला गावात पोहोचलो. बाया वाट बघत उभ्या होत्या, पण आनंद वगैरे कोणी दाखवला नाही. थोरलीनं काड्या हातात घेऊन मोडून बघितल्या, वाळल्यात का ते. मग मोजायला सुरुवात केली. वजनावर नाही. दोन हातांच्या कवेत मावेल तो एक भारा, दर घरामागे ठरलेले भारे. मोडक्या काड्या तिनं बाजूला काढायला लावल्या. ट्रकवरचा डोंगर बघता बघता खाली बसला. आत सगळी पोकळी होती. पऱ्हाटी अशीच असते, फांद्या फांद्यांना अडवून धरतात. नववं घर झालं आणि ट्रकची फळी दिसली.

“दोन घरं राह्यली,” ती म्हणाली. राहिलेल्यांतलं एक तिचं स्वतःचं होतं, दुसरं तोंडाळीचं. मोजणी तिनंच केली होती आणि स्वतःला शेवटी ठेवलं होतं.

“दुसरी खेप पाठवते.”

“कधी?”

“आजच. उद्या तो शेतकरी जाळणार आहे. आत्ता गाडी निघाली तर पाचपर्यंत येईल.”

“येईन का?”

“येईल म्हणतेय ना.”

“बुधवारी म्हनलं होतं, सकाळी पूर्ण येईन. आली का पूर्ण?” तिनं पदराची गाठ सोडली आणि चाबी मशीनवाल्याच्या हातावर ठेवली. “घे, मिस्त्री. जाय तू. तुह्यं काई चुकलं नाई. मॅडम राहते.”

मशीनवाला माझ्याकडे बघायला लागला. “मॅडम, आपको रख लिया,” तो हळूच म्हणाला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती.

मी ड्रायव्हरला परत चांदूर बाजारला पाठवलं, लांब काड्या वेगळ्या लावायला बजावून सांगितलं, आणि थोरलीच्या ओट्यावर बसले. कोणी अडवलं नव्हतं. जीप समोर उभी होती. पण मी जीपमध्ये बसले असते तर त्या गावात परत कोणी माझ्याशी बोललं नसतं, आणि ते रास्तच झालं असतं.

दुपारी शेतकऱ्याचा फोन लागेना. एकदा लागला तो त्याच्या बायकोनं उचलला. “थे वावरातच गेले. धुऱ्यावर काहीतरी पेटवून राह्यले,” ती म्हणाली. मी उभीच राहिले. “कुठला धुरा? कोणत्या शेताचा बांध?” तिला माहीत नव्हतं. ड्रायव्हरचा फोन बंद. अर्धा तास मी ओट्यावरून अंगणात आणि अंगणातून ओट्यावर केलं. थोरली तूर पाखडत होती. तिच्या सुपाचा आवाजही बदलला नाही.

तोंडाळीनं मेथीची जुडी आणून माझ्यासमोर टाकली. “फिरून चप्पल झिजते, मॅडम. भाजी निवडा.”

मी निवडायला बसले.

“अवो, देठं कायले ठेवता? कंपनीत अशीच निवडता का?”

“कंपनीत मी माणसं निवडते.”

“दिसते थे,” ती म्हणाली, आणि थोरलीच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं.

चारला ड्रायव्हरचा फोन आला. शेतकऱ्यानं पलीकडच्या शेताचा धुरा पेटवला होता. आमचं सहा एकर शाबूत होतं. गाडी भरून अमरावतीच्या बाहेर पडली होती. मी थोरलीला सांगितलं. “दिसू दे,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर शेठजींनी स्वतः फोन केला. सरकीवाला वाट बघून परत गेला होता. “कुठे आहात तुम्ही?”

“नांदगावकडे. गहाण आहे.”

“सोमवारी तरी या,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

गाडी साडेपाचला आली. या वेळी काड्या लांब होत्या, नीट लावलेल्या. थोरलीनं आधी तोंडाळीच्या दारात भारे टाकायला लावले, एकेक कवेत घेऊन, मोजून. ती दारात उभी राहून प्रत्येक भाऱ्याला काहीतरी बोलत होती, हा बारीक, हा वाकडा. मग थोरलीचं घर. शेवटचे चार भारे ड्रायव्हर आणि मी मिळून उतरवले. माझ्या हातावर ओरखडे उठले. थोरलीनं गंजीचा खालचा थर पायानं दाबून बघितला, आकडा मनाशी जुळवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “झालं. जाय आता. उशीर झाला तुले.”

मी जीपमध्ये बसले.